वाचकांचे प्रश्न : सातपुड्याची खडी, हायवेचं डांबर आणि एकच टायर

या महिन्यात टायरबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. पत्रं धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली आहेत आणि अडचण बहुतेकांची एकच आहे: पाड्यावर, धरणाच्या कामावर किंवा मळ्यात दगडांतून जावं लागतं आणि त्याच टायरवर सुरत–नागपूर किंवा मुंबई–आग्रा हायवेही गाठावा लागतो. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे थार आहे, टायर २५५/६५ आर १८. महिन्यातून दोन-तीन वेळा तोरणमाळ आणि धडगावकडच्या पाड्यांवर जाणं होतं, बाकी सगळं शहादा–धुळे–नाशिक. गाडीबरोबर आलेले टायर झिजले. मित्र म्हणतात, दगडाला एमटीच हवा. दुकानदार एटी सुचवतो. काय घेऊ? (शहादा)

एटी घ्या. दुकानदाराचं बरोबर आहे. एटी (ऑल टेरेन) म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता, दोन्हींवर चालणारा टायर.

एमटी, म्हणजे मोठ्या बटणांचा टायर, हा मुळात चिखलासाठी बनवलेला असतो. बटणांमधली जागा रुंद असते, त्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. कोरड्या खडकावर चिखल नसतोच. तिथे पकड मिळते ती रबर दगडाला किती चिकटतं आणि टायर दगडाच्या आकाराला किती वाकतो यावर. हवा थोडी कमी केलेला चांगला एटी तिथे एमटीपेक्षा फारसा मागे राहत नाही. एमटीचा खरा फायदा त्याच्या जाड बाजूचा आणि खांद्यावरच्या बटणांचा. त्या फायद्यासाठी महिन्याचे उरलेले पंचवीस दिवस मोजावी लागणारी किंमत मोठी आहे. ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं, म्हणून ब्रेक लांब लागतो, आणि पावसाळ्यात घाट उतरताना तो फरक जिवावर बेतू शकतो. सत्तरच्या पुढे घूं-घूं आवाज सुरू होतो, डिझेल जास्त जातं आणि उन्हाळ्यातल्या तापलेल्या डांबरावर बटणं लवकर झिजतात.

एचटी, म्हणजे नेहमीचा हायवेचा टायर, तुमच्यासाठी नको. त्याची नक्षी नवीन असताना साधारण ८ मिलिमीटर खोल असते, एटीची १० ते १२. पण एचटीची खरी अडचण त्याच्या पातळ बाजूची आहे. टायरच्या तळव्यात स्टीलचे पट्टे असतात, बाजूत नसतात. बाजू धरून ठेवतात ते फक्त पॉलिएस्टरचे थर आणि वरचं रबर. म्हणूनच आपल्याकडे टायर तळव्यातून सहसा जात नाही, बाजूतून जातो.

एटी घेतानाही नक्षी किती रांगडी दिसते हे बघून भुलू नका. टायर आडवा करून बाजूवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘ट्रेड’ (तळवा) आणि ‘साइडवॉल’ (बाजू) यांचे थर वेगवेगळे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ साइडवॉलला १ प्लाय, २ प्लाय किंवा ३ प्लाय पॉलिएस्टर. आपल्या कामाला किमान दोन हवेत, तीन मिळाले तर उत्तम. अपोलो ऍप्टेरा एटी, योकोहामा जिओलँडर एटी, सिएट क्रॉसड्राइव्ह एटी, जेके रेंजर एटी अशी नावं बाजारात दिसतील. पण एकाच नावाच्या टायरची बांधणी मापागणिक बदलते, तेव्हा नाव ऐकून पैसे देऊ नका, तुमच्या मापाच्या टायरवर काय छापलंय ते वाचा. ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो) हे चिन्ह पाहून टायर दणकट समजू नका. ते नक्षीबद्दल सांगतं, बाजूच्या ताकदीबद्दल नाही. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह बर्फासाठी असतं, आपल्याला त्याचा उपयोग नाही.

आता दगडाबद्दल. सातपुड्याचा दगड काळा बेसॉल्ट. नाल्यातले गोटे पाण्याने घासून गोल झालेले असतात, त्यांच्यावर टायर घसरतो पण सहसा कापला जात नाही. टायर कापते ती फोडलेली खडी. पाड्यांकडे जाणाऱ्या अर्धवट रस्त्यांवर ४० मिलिमीटरची खडी पसरून ठेवलेली असते आणि तिच्यावर रोलर फिरलेला नसतो, तिची प्रत्येक कड धारदार असते. पुढचं चाक खडी उचकटून उभी करतं आणि मागच्या टायरची बाजू तिच्यावर घासते. अशा रस्त्यावर वेग १५–२० ठेवा. मोठा दगड आला तर तो दोन चाकांच्या मधे किंवा टायरच्या कडेला येऊ देऊ नका, थेट तळव्याखाली घ्या. स्टीलचे पट्टे तिथे आहेत.

एक मर्यादा आधीच सांगतो. ओल्या काळ्या मातीत एटीची नक्षी दोन-तीन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होते. एमटी थोडा जास्त टिकतो, पण तोही शेवटी बसतोच. पावसाळ्यात रोज काळ्या रानातून जाणं असेल तर टायरपेक्षा वाटेवर मुरूम टाकण्याचा खर्च अधिक कामी येईल.

प्रश्न : दगडांत जाताना हवा कमी करावी असं सगळे सांगतात. नेमकी किती? आणि परत हायवेला लागताना न भरता तसंच धुळ्यापर्यंत आलं तर चालतं का? (साक्री)

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी: अजिबात चालत नाही. टायर फुटण्याचं आपल्या भागातलं हे एक मोठं कारण आहे.

कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो आणि पुन्हा उभा राहतो. या वाकण्यातून रबराच्या आत उष्णता तयार होते. २० च्या वेगाने ती निघून जाते. ८०–९० ला निघायला वेळच मिळत नाही, वर मे महिन्यात हवा ४४–४५ अंशांवर आणि डांबर त्याहून किती तरी तापलेलं. रबर आणि स्टीलचे पट्टे एकमेकांपासून सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. नंतर हवा पूर्ण भरली तरी आतलं नुकसान भरून येत नाही, टायर महिन्याभराने एखाद्या दुपारी सोलून निघतो आणि दोष टायर बनवणाऱ्याला दिला जातो. सकाळी दगडावर बाजूला बसलेला मुका मारही असाच दुपारी हायवेवर बाहेर येतो.

आता आकडे. सुरुवात दाराच्या खांबावरच्या स्टिकरपासून करा, डांबरावर तीच हवा ठेवायची. समजा ३२ पीएसआय आहे. खडीच्या कच्च्या रस्त्यावर लांब जायचं असेल तर २६ पर्यंत आणा, वेग ४० च्या आत. मोठे दगड, पायऱ्या आणि नाल्याचं पात्र असेल तर थार, स्कॉर्पिओ, बोलेरोसारख्या गाड्यांना २० ते २२, जिम्नीसारख्या हलक्या गाडीला १७–१८, वेग २० च्या आत. तापीच्या वाळूत १५–१६ पर्यंत उतरता येतं, पण तिथे वळण अलगद घ्या, नाहीतर टायरची कड रिममधून निसटते. हीच १५ ची हवा दगडांत ठेवू नका. हवा फार कमी झाली की बाजू बाहेर फुगून येते, नेमकी जी वाचवायची तीच दगडापुढे होते, आणि दगड आदळला तर टायर रिम आणि दगड यांच्यामधे चिमटतो. गाडीत माल किंवा सहा माणसं असतील तर वरच्या प्रत्येक आकड्यात ३–४ वाढवा.

यासाठी दोन वस्तू गाडीत कायम हव्यात. एक चांगला हवा मोजायचा गेज, पेट्रोल पंपावरच्या मशीनवर विसंबू नका. दुसरी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, तोही बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर थारच्या एका टायरला २० वरून ३२ वर न्यायला चार-पाच मिनिटं घेतो, दोन टायर झाले की तापतो, आणि जास्त करंट ओढला तर सॉकेटचा फ्यूज जातो. दोन टायर भरून दहा मिनिटं थांबा, मग उरलेले दोन. इंजिन चालू ठेवा.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी उभी असताना. तापमान ५–६ अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतो. सकाळी ३२ भरलेला टायर दुपारी फागणे–पारोळा पट्ट्यात ३७–३८ दाखवेल. ते बरोबरच आहे, टायर तसाच वागायला हवा. ‘उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमी ठेवा’ असं पंपावर सांगतात, ते ऐकू नका. तापलेल्या टायरची हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो २७ वर असतो आणि वर सांगितलेलं सगळं सुरू होतं.

प्रश्न : बोलेरोला २१५/७५ आर १५ आहे. उंची मिळावी म्हणून २३५/७५ आर १५ एटी टाकायचा विचार आहे. काही अडचण? (चाळीसगाव)

हिशेब करून बघू. २१५ च्या ७५ टक्के म्हणजे १६१ मिलिमीटर ही एका बाजूची उंची. तिची दुप्पट आणि रिमचे ३८१ मिलिमीटर मिळून व्यास सुमारे ७०३. याच रीतीने २३५/७५ चा व्यास सुमारे ७३३. चाक ३० मिलिमीटरने मोठं झालं, पण गाडी उचलली गेली त्याच्या निम्म्याने, म्हणजे दीड सेंटिमीटर. पाटणादेवीच्या रस्त्यावर दीड सेंटिमीटरने काही अडत नाही.

त्या बदल्यात काय द्यावं लागतं ते पाहा. फरक ४ टक्क्यांहून थोडा जास्त आहे, साधारण ३ टक्क्यांच्या आत राहावं असा दंडक आहे. मीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ वर असेल. गिअर तेवढाच लांब पडतो, म्हणजे भरलेल्या गाडीला कन्नड घाटात जिथे तिसरा पुरत होता तिथे दुसरा घ्यावा लागेल. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा पाटे पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो. २३५ ला किमान ६ इंच रुंदीची डिस्क (रिम) लागते, तुमच्या डिस्कवर कोरलेला आकडा बघा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, अपघातानंतर विमा कंपनीने हे माप पुढे केलं तर वाद तुम्हालाच घालावा लागेल.

मूळ मापातच एटी घ्या. वाचलेल्या पैशांतून गिअरबॉक्स आणि डिझेल टाकीखाली जाड पत्रा बसवा. जिम्नीवाल्यांनीही हेच विचारलंय: १९५/८० आर १५ ऐवजी २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास जेमतेम दीड टक्का वाढतो. माप म्हणून ते ठीक आहे, डिस्कची रुंदी आणि विमा मात्र तुम्हालाही तपासावा लागेल.

प्रश्न : केळीच्या घडांसाठी पिकअप आहे. मळ्यातून पालच्या बाजूला खडकाळ वाट आहे. टायरवाला म्हणतो ‘दहा प्लायचा घ्या, कधी फुटणार नाही’. खरंच दहा थर असतात का? (रावेर)

नसतात. ६, ८, १० हे ‘प्लाय रेटिंग’ म्हणजे ताकदीची जुनी मोजपट्टी आहे. आतले खरे थर दोन-तीनच असतात, बाजूवरच्या बारीक अक्षरांत मोजून घ्या.

तुम्ही भार निर्देशांक बघा. मापानंतर येणारा आकडा तोच. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १०३०. मूळ टायरवर जो आकडा आहे त्यापेक्षा कमी कधीही नको. त्यापुढचं अक्षर वेगाचं, क्यू म्हणजे १६० आणि एस म्हणजे १८०, पिकअपला क्यू पुरतो. मापाआधी ‘एलटी’ किंवा मापानंतर ‘सी’ असेल तर तो माल वाहणाऱ्या गाडीचा टायर. तुमच्यासाठी तोच योग्य. पण एक गोष्ट टायरवाले सांगत नाहीत: एलटी टायर तेवढंच वजन पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा मागतो. साध्याचा आकडा धरून एलटीत हवा भरली तर महागडा टायर कमी हवेवरच पळत राहतो. त्या टायरचा भार-हवा तक्ता दुकानदाराकडून मागून घ्या, रिकामी गाडी आणि भरलेली गाडी असे दोन आकडे डॅशबोर्डवर चिकटवा.

प्रश्न : टायरच्या बाजूला दोन बोटं लांब काप गेलाय, हवा जात नाही. पंक्चरवाला आतून मोठा पॅच लावून ट्यूब टाकून देतो म्हणतो. (शिरपूर)

गाडी जॅकवर घ्या, हवा पूर्ण सोडा आणि काप बोटांनी उघडून टॉर्चच्या उजेडात आत बघा. नुसतं काळं रबर दिसत असेल तर काप वरवरचा आहे. तो टायर मागे लावून वापरता येईल, दर आठवड्याला बघत राहा. आत पांढरे-पिवळसर धागे दिसले, किंवा हवा भरल्यावर त्या जागी फुगा आला, तर टायर संपला. ट्यूबने हवा राहील, तुटलेले धागे जोडले जाणार नाहीत. असा टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नका, कारण स्टेपनी लागते ती नेमकी हायवेवर, घाईत आणि भरल्या गाडीला.

तळव्यातल्या पंक्चरचं वेगळं. भोक ६ मिलिमीटरपर्यंत असेल आणि खांद्यापासून आत असेल तर दुरुस्ती होते. बाहेरून खुपसलेली दोरी वाटेत वेळ निभावते. घरी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या. दोरीच्या भोकातून ओल आत जाते, स्टीलचे पट्टे गंजतात. बाभळीच्या काट्यालाही हेच लागू, फक्त काटा आत मोडून राहतो. टायर उतरवल्यावर आतून कापड फिरवा, कापड जिथे अडकेल तिथे टोक आहे. ते न काढता पॅच मारला तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

प्रश्न : फोर बाय फोर आहे. मागचे दोनच गेलेत. तेवढेच एटी टाकले तर? (भुसावळ)

पुढच्या टायरची नक्षी किती उरली आहे ते मोजा. नव्या आणि जुन्या टायरमधे २–३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, आणि चारही टायर एकाच बनावटीचे हवेत.

समजा नव्याची नक्षी साडेदहा मिलिमीटर आणि जुन्याची चार उरली आहे. थारच्या मापात हा फरक किलोमीटरमागे सहा-सात फेऱ्यांचा होतो. टू व्हीलवर काही कळत नाही. फोर व्हील टाकलं की पुढची आणि मागची चाकं ट्रान्सफर केसमधून (इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीतून) एकमेकांना जखडली जातात, आणि या जादा फेऱ्यांना जायला जागा राहत नाही. नाल्यात टायर घसरून त्या निघतात. टणक कोरड्या रस्त्यावर सगळा ताण गिअर, साखळी आणि सांध्यांवर येतो, लिव्हर अडकून बसतो. म्हणूनच चारही टायर सारखे असले तरी कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकायचं नसतं.

यावरचा उपाय पाच टायरची अदलाबदल. दर ८,००० किलोमीटरला स्टेपनीसुद्धा फिरवा. पाचही सारखे झिजतात आणि एकदम बदलता येतात. खडीवर जास्त चालणाऱ्या गाडीची अदलाबदल ५,००० ला करा, कारण मागच्या चाकांच्या बटणांचे तुकडे उडतात. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत नक्षी चालते, पण दगडांत जाणाऱ्याने ४ ला टायर उतरवावा. त्याखाली तळवाच इतका पातळ होतो की खडी थेट पट्ट्यांपर्यंत पोचते.

प्रश्न : नवीन एटी टाकून बॅलन्सिंग, अलाइनमेंट दोन्ही केलं. पाड्यावर जाऊन आलो की ८० ला स्टिअरिंग थरथरतं. टायर खराब निघाला का? (नंदुरबार)

बहुतेक नाही. चाक काढून डिस्कची आतली बाजू बघा. चिखल तिथे आत बसतो, उन्हाने वाळून विटेसारखा होतो, आणि पाव किलोची ढेप एका बाजूला असली तरी चाक थरथरतं. समोरून पाण्याचा फवारा मारून ती निघत नाही. लाकडी पट्टीने खरवडा आणि मग धुवा. त्याच वेळी नक्षीत अडकलेले खडे स्क्रू ड्रायव्हरने काढा, ते राहिले तर चाकाच्या प्रत्येक फेरीला पट्ट्यांच्या दिशेने आत घुसत जातात. बॅलन्सिंगची शिशाची वजनं दगडाला लागून पडली नाहीत ना तेही पाहा. पुढच्या वेळी आतून चिकटवायची वजनं मागा.

एवढं करून थरथर राहिली तर चाक जॅकवर हाताने सावकाश फिरवा, खडूचं टोक तळव्याजवळ स्थिर धरून. एकाच जागी खडू लागत असेल तर टायर तिथे उंचावला आहे, म्हणजे आतले पट्टे सुटत आहेत. तो टायर त्याच दिवशी उतरवा. नवा असेल तर बिल आणि बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का घेऊन दुकानात जा. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. हा शिक्का खरं तर विकत घेतानाच वाचायचा, वर्षाहून जुना माल आपल्या उन्हात गोदामात पडून असेल तर घेऊ नका.